मांडूळ माठात नको, बांधात असू द्या

तिसगावच्या बाजूच्या एका वस्तीवरून एका भगिनीचे पत्र आले आहे. कांद्याच्या वावरात पाट साफ करताना त्यांच्या धाकट्या मुलाला मांडूळ सापडले. पोराने ते उचलून घरी आणले, रिकाम्या माठात ठेवले आणि वर फडके बांधले. परदेशातली मंडळी काचेच्या पेटीत साप पाळतात, हे त्याने मोबाईलवर पाहिले आहे. फांदीला वेटोळे घालून बसलेला एक हिरवागार साप त्याच्या डोक्यात भरला आहे आणि आपणही आपले मांडूळ तसेच पाळू, असा त्याचा हट्ट आहे. भगिनी विचारतात, दोन दिवस झाले, वाटीत दूध ठेवले तरी ते तोंड लावत नाही. त्याला खायला काय घालावे?

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे. घरधन्यांना कोणीतरी सांगितले आहे की अशा सापाचे वजनावर पैसे येतात, आणि ते आले तर यंदा ऊसतोडीची उचल घ्यावी लागणार नाही.

वाचकहो, प्रश्न खाण्याचा विचारला असला तरी खरी काळजी या शेवटच्या ओळीत आहे. पाथर्डी तालुक्यातल्या कितीतरी घरांची दिवाळीनंतरची वाट कारखान्याकडे जाते. अशा घराला कोणी लाखांचे आकडे ऐकवले तर मन हलणारच. त्यात नवल नाही. म्हणूनच हे उत्तर सगळ्यांसाठी देत आहोत. भगिनीचे नाव मुद्दाम छापलेले नाही.

थोडक्यात सांगायचे तर असे, की मांडूळ पाळायचे नसते, विकायचे तर मुळीच नसते. त्याची देखभाल करायची ती शिवारात, त्याच्या जागी. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

तो हिरवा साप कोणता?

मुलाने मोबाईलवर पाहिला तो बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलातला झाडावर राहणारा बोआ असावा. बोआ म्हणजे विष नसलेला, भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारणारा साप. हा हिरवा बोआ फांदीवर वेटोळे टाकून, मधोमध डोके ठेवून दिवसभर निजतो आणि रात्री शिकार करतो. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा विटकरी किंवा नारिंगी असतात, पुढे हिरवी होतात.

असा साप पाळणे म्हणजे शेळी पाळणे नव्हे. त्याच्या पेटीत आडव्या फांद्या लागतात, हवा सतत दमट लागते, ऊब रात्रंदिवस ठराविक ठेवावी लागते. सापाला स्वतःच्या अंगची ऊब तयार करता येत नाही. बाहेर जशी हवा तसे त्याचे अंग. पेटी गार पडली की त्याचे अन्न पचत नाही, फार तापली की तो मरतो. त्याला वारंवार हाताळून चालत नाही. जाणकारांनाही तो सांभाळणे जड जाते. आपल्या गर्भगिरीच्या उतारावर, जिथे मढीच्या यात्रेच्या दिवसांतच वारा कोरडा होतो, तिथे त्या जंगलाची ओल आणणार कोठून?

शिवाय परदेशी प्राण्यांनाही कायदा आहेच. अशा जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम निघाले. त्यांप्रमाणे ज्याच्याकडे असा प्राणी असेल त्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. मोबाईलवर हे काही सांगत नाहीत. तिथे नुसता हिरवा रंग दिसतो.

मग मांडूळ कोण?

पोराला हे सांगितले तर त्याला गंमत वाटेल. त्या हिरव्या बोआचा भाऊबंद आपल्याच बांधात राहतो. मांडूळ हा बोआच्याच कुळातला साप आहे. तो झाडावर न राहता मातीत राहतो, एवढाच फरक. हिरव्या बोआप्रमाणेच तोही अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. त्यालाही विष नाही. तोही भक्ष्य आवळून मारतो.

मांडूळ तपकिरी, तांबूस, अंगाने गुळगुळीत, दोन-अडीच फुटांचे, क्वचित तीन फुटांच्या पुढे असते. पोयट्याची, वाळूमिश्रित, भुसभुशीत जमीन त्याला आवडते. डोके बारीक, डोळे लहान आणि शेपटी आखूड, बोथट. म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. सहा महिने एका तोंडाने चालते आणि सहा महिने दुसऱ्या तोंडाने, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. ते खरे नाही. तोंड एकच. संकट आले की मांडूळ डोके वेटोळ्याखाली लपवते आणि शेपटी पुढे करते. शत्रूने घाव घातला तर शेपटीवर पडावा, डोके वाचावे, अशी ही निसर्गाची योजना. म्हणून मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर पुष्कळदा जुने व्रण दिसतात.

आता त्याचे काम पाहा. मांडुळाचे मुख्य खाणे उंदीर. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहते. मांडूळ बिळात शिरते. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्ले देते आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लेही विण्याजोगी होतात. बिळातच ही पिलावळ संपवणारा जो कोणी असेल तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार. बाजरीचे कणीस, भुईमुगाची शेंग, कणगीतला दाणा, ठिबकच्या कुरतडलेल्या नळ्या या सगळ्याचा हिशेब धरला तर मांडुळाची खरी किंमत कळते. ती किंमत ते बांधात असेपर्यंतच मिळते.

माठात असेल तर आज काय करावे?

ज्यांच्या घरी मांडूळ आधीच आणून ठेवलेले आहे त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, दूध काढून घ्या. साप दूध पीत नाही. तहानेने कासावीस झालेला साप कोणत्याही ओल्या वस्तूला तोंड लावतो, त्यावरून ही समजूत झाली. दूध त्याला पचत नाही. नागपंचमीला आपण लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवतो तो श्रद्धेचा भाग झाला. खऱ्या सापाच्या तोंडात दूध ओतणे म्हणजे त्याचा जीव घेणे.

दुसरी, त्याला काही खायला घालू नका. साप रोज जेवत नाही. एक चांगला उंदीर मिळाला की त्याचे बरेच दिवस भागतात आणि उपास पडला तरी तो लगेच मरत नाही. दोन दिवस खाल्ले नाही म्हणून घाबरू नये. माठात जिवंत उंदीर सोडणे तर फारच वाईट. कोंडलेल्या सापालाच उंदीर कुरतडतो. शिवाय खाल्लेल्या सापाला हलवले तर तो खाल्लेले ओकून टाकतो.

तिसरी, माठ उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. सावलीत ठेवा. आत ओल नको, कोरडी भुसभुशीत माती चार बोटे असू द्या. वर हवा खेळेल असे सुती फडके बांधा. घट्ट झाकण नको.

चौथी, शेजारपाजारच्यांना दाखवू नका, हातात घेऊन फोटो काढू नका, ते फोटो गटांवर पाठवू नका. आणि वजन तर अजिबात करू नका. फोटो आणि वजन या दोन गोष्टींवरूनच चुकीची माणसे दारात येतात.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, वनखात्याला कळवा. महाराष्ट्र वनविभागाचा मदतीचा फोन १९२६ आहे. गावात वनरक्षक किंवा ओळखीचे, नोंद असलेले सर्पमित्र असतील तर त्यांना बोलवा. साप कोठे, कधी, कोणत्या गटात सापडला ते खरे सांगा, म्हणजे त्याला त्याच भागात सोडता येईल. परक्या मुलखात सोडलेल्या सापाला बीळ, पाणी, भक्ष्य काहीच माहीत नसते. फोन करणारा स्वतःहून प्राणी देतो आहे, हे दिसते. लपवून ठेवलेले मांडूळ दुसऱ्या कोणी दाखवून दिले तर गोष्ट वेगळी होते.

वजनावर पैसे, ही काय भानगड आहे?

आता शेवटच्या ओळीकडे येऊ. घरातल्या मायबहिणींनी हा भाग कर्त्या पुरुषांना वाचून दाखवावा.

मांडूळ घरात ठेवले की गुप्तधन सापडते, त्याच्या अंगात औषध आहे, असाध्य रोग त्याने बरे होतात, अमुक किलोच्या पुढे गेले की कोटीने भाव येतो, अशा अफवा गेली कित्येक वर्षे महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत फिरत आहेत. यातल्या एकाही गोष्टीला आधार नाही. मांडुळापासून सिद्ध झालेले औषध नाही आणि गुप्तधन दाखवण्याची विद्या कोणत्याही सापाला नाही. ज्याला स्वतःच्या बिळाबाहेरचे फारसे दिसत नाही ते दुसऱ्याच्या जमिनीतला हंडा कसा दाखवील? गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो उगाच नाही.

हा धंदा साधारण असा चालतो. एक ओळखीचा माणूस येतो आणि मोठ्या शहरात ‘पार्टी’ असल्याचे सांगतो. मग साप पाहायला दुसरा येतो. वजन थोडे कमी भरते म्हणतो, आणखी खाऊ घालायला सांगतो. मग कधी तपासणीच्या नावाने, कधी गाडीभाड्याच्या नावाने तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात. कोणी व्याजाने काढून देतो, कोणी डोरले गहाण टाकतो. अखेर एक तर पार्टी पसार होते, नाही तर पार्टी म्हणून आलेला माणूस पोलिसांनी पाठवलेला बनावट गिऱ्हाईक निघतो. वर्तमानपत्रांत अशा बातम्या वरचेवर येतात. पकडले जातात ते बहुतेक पिशवी हातात असलेले. आकडे सांगणारा मागे राहतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि मांडूळ त्यात संरक्षित आहे. या कायद्यात शिकार म्हणजे नुसता जीव घेणे नव्हे. पकडणे आणि सापळ्यात अडकवणे हीसुद्धा शिकारच. जवळ बाळगणे, विकणे, विकायला मदत करणे हेही गुन्हे. शिक्षा कैदेची आहे. काही प्रकारांत ती सात वर्षांपर्यंत जाते. साप आमच्याच शेतात सापडला, हे उत्तर चालत नाही. जमीन सातबाऱ्यावर आपली असते, तिच्यातले रानजीव आपल्या नावावर नसतात.

उचल फेडण्याचे ओझे खरे आहे आणि कोणी ते हलके लेखू नये. पण उचलीचा हिशेब निदान एका हंगामाचा असतो. कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी आणि जामीनदार शोधणे हा हिशेब कित्येक वर्षे संपत नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागायचे आणि ते पळतेही बेड्या घेऊन येणारे, असा हा व्यवहार आहे.

डुरक्या समजून घोणस उचलू नका

साप हाताळणाऱ्या मुलांच्या घरी आणखी एक धोका असतो. तो पैशांहून मोठा आहे.

मांडुळाचा एक सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. त्याला डुरक्या घोणस किंवा नुसते डुरक्या म्हणतात. तोही बोआ कुळातला, बिनविषारी, उंदीर खाणारा. अंगाने जाडजूड, पाठीवर वेडेवाकडे गडद डाग, शेपटी आखूड आणि खवले खरखरीत. तो चाटला की अंगावर कोड येते, अशी एक समजूत आहे. तीही खोटी, सापाच्या जिभेने कोणताही रोग होत नाही.

अडचण अशी, की विषारी घोणस दिसायला बरीचशी त्याच्यासारखीच असते. घोणशीचे डोके त्रिकोणी आणि मानेपासून वेगळे दिसते. पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात आणि डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. डुरक्याचे डाग एकमेकांत मिसळलेले, रांग नसलेले. मान आणि डोके जवळजवळ सारखेच.

कागदावर हे सोपे वाटते. अंधारात, रात्रीच्या लायटीवर दारे धरताना, पायाशी वेटोळे दिसले तर भल्याभल्यांना फरक कळत नाही. घोणशीचे पिल्लूही पुरेसे विषारी असते. ज्या मुलाला मांडूळ उचलायची सवय लागली तो उद्या डुरक्या उचलील आणि परवा डुरक्या समजून घोणस उचलील. म्हणून घरातला नियम एकच ठेवा. कोणताही साप असो, बिनविषारी असो की विषारी, हात लावायचा नाही. चार पावले मागे सरायचे आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.

साप चावलाच तर तो कोणता होता हे शोधत बसू नका. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. अंगठी, बांगडी, करदोडा काढून घ्या. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे आहे. देवळात किंवा मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. नमस्कार करायचाच असेल तर माणूस बरा झाल्यावर जोडीने जाऊन करावा.

शिवारातली देखभाल

मग मांडुळाची देखभाल करायचीच नाही का? जरूर करायची, आणि तिला पैसा लागत नाही.

बांध पेटवू नका. उन्हाळ्यात पाला जाळताना बिळांच्या तोंडावरचे सगळे जीव होरपळतात. उंदीर मात्र खोल पळून वाचतात. एखाद्या बांधाची जुनी दगडांची ताल, घायपातीची किंवा बोरी-बाभळीची ओळ तशीच राहू द्या.

नांगरट आणि रोटाव्हेटर चालू असताना ट्रॅक्टरमागे नजर ठेवा. साप वर आला तर क्षणभर थांबा, त्याला सरकू द्या. जेसीबीने ताल फोडण्याआधी, शेणखताचा किंवा कडब्याचा ढीग हलवण्याआधी लांब काठीने थोडे डिवचा. त्याने सापही वाचतो आणि आपला हातही.

उंदरांसाठी विषाच्या गोळ्या वाटेल तशा फेकू नका. विष खाऊन झिंगलेला उंदीर घुबडाच्या आणि सापाच्या पोटात जातो. राखणदार मरतात आणि पुढच्या हंगामात उंदीर दुप्पट होतात. विष वापरणे भागच असेल तर कृषी सहायकाला विचारून, बिळातच टाकून, बिळाचे तोंड बुजवा आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरा.

विहिरीत साप पडलेला दिसला तर पोरांना दोर लावून खाली सोडू नका. वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवा.

साप वावरात बरा, घरात नको, हेही तितकेच खरे. घराभोवती सरपण, पत्रे, विटा यांचे ढीग ठेवू नका. धान्य बंद कोठीत ठेवा. घरात उंदीर नसला की साप आपोआप येत नाही. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि पायात बूट असू द्यात. जमिनीवर निजण्यापेक्षा खाटेवर निजावे, मच्छरदाणी खोचून घ्यावी.

नागपंचमीला आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, विळी-चाकूने चिरत नाहीत. जमिनीखालच्या जिवाला त्या दिवशी धक्का लागू नये, हा जुन्या लोकांचा त्यातला विचार. तोच विचार वर्षातले बाकीचे दिवसही थोडाथोडा पाळला तर पुरे.

राहता राहिला मुलाचा हट्ट. त्याला रागे भरू नका. सापाचे ज्याला भय नाही, कुतूहल आहे, असे पोर शिवारात हवेच. त्याला एक वही द्या. वावरात कोणता साप, कोणत्या महिन्यात, कोणत्या बांधावर दिसला, उंदरांची नवी बिळे किती दिसली, हे त्याने लांबूनच पाहून तारीखवार लिहावे. पुण्याला जाणे झाले तर कात्रजचे सर्पोद्यान त्याला जरूर दाखवा. काचेमागचे साप तिथे मनसोक्त पाहता येतात आणि माहिती सांगणारी माणसेही भेटतात. दोन पावसाळे त्याने अशी वही लिहिली, तर आपल्या शेतात उंदीर कुठे वाढतात आणि त्यांना कोण खातो, हे तो घरातल्या मोठ्यांनाही सांगू शकेल.